मुक्कामी गाडी : पत्रा झाला, आता पंप

आर्वी तालुक्यातल्या एका शेतातून आणलेली जुनी टाटा १२१० एसटी मी पुन्हा उभी करतोय. तिची डावी बाजू अखेर पत्र्यानं बंद झाली. लिलावानंतर ही गाडी वर्षानुवर्षं कापसाची खोली होती. कापूस भिजू नये म्हणून मालकानं छप्पर गळू दिलं नाही, म्हणून सांगाडा शाबूत मिळाला. खालचा पत्रा मात्र गेलेला. ॲल्युमिनिअम थेट लोखंडाला टेकतं आणि पाणी साठतं, तिथं ॲल्युमिनिअमची पांढरी भुकटी होते. चाकांच्या कमानींजवळ पत्रा बोटानं फुटत होता. आता लोखंडाला झिंक क्रोमेट (गंज रोखणारं अस्तर) मारून, दोन्ही धातू टेकू नयेत म्हणून मध्ये पट्टी ठेवून ॲल्युमिनिअमचेच रिव्हेट लावलेत. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लागत नाही, त्यामुळे हे सगळं पहाटे.

जुने पक्के रिव्हेट मी काढले नाहीत. ‘सगळं नवं करा’ असं बरेच जण सुचवतात, पण मला ते पटत नाही. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत एसटीच्या बॉड्या बांधल्या जात, उघडल्या जात, पुन्हा जोडल्या जात. इथलं प्रत्येक ठिगळ कुणा कारागिराच्या हातचं आहे, ते राहिलंच पाहिजे.

अशीच गाडी आमच्या गावी मुक्कामाला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर झोपायचे. पहाटे इंजिन धडधडलं की शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं पळत यायची. कंडक्टरनं दोरी ओढली की घंटी: एकदा थांबा, दोनदा चला. ती दोरी छताच्या कड्यांतून मी सर्वांत आधी ओवली. इंजिन सुरू नव्हतं, पण घंटी वाजली तेव्हा फार भरून आलं.

इंजिन ६९२ आहे, ६ सिलिंडर, ९२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). हातानं फिरतंय, म्हणजे जाम नाही. डिझेलचा पंप खोलायला निघालो तर पुलगावच्या मिस्त्रीभाऊंनी अडवलं, “आधी टाकी धुवा भाऊ, मंग पंपाले हात लावा.” टाकीतून डिझेलचा चिकट गाळ निघाला. तो पंपात गेला असता तर प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारे आतले दट्टे, अडकले असते. आता टाकी, फिल्टर, मग पंप, आणि शेवटी पंपापासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, सिलिंडर पेटतात त्या १-५-३-६-२-४ या क्रमानं.

एक मदत हवी आहे. केबिनमध्ये घंटीसाठी दोन ठिकाणी भोकं आहेत, एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, एक काचेच्या खांबाशी. मूळ जागा कोणती? १९८० च्या दशकातल्या एसटी केबिनचा फोटो कुणाकडे असेल तर दाखवा. रंग मारण्याआधी एक भोक बुजवायचं आहे.