तुम्ही विचारलंत म्हणून: नादारी (कोर्टातून दिवाळखोरी) घेतल्यावर मन खात नाही का?

बचत गटातल्या बायका मला बाजूला घेऊन हे हळूच विचारतात. विचारणारीच्या घरी बहुतेक वेळा वसुलीचे फोन सुरू झालेले असतात, म्हणून नीट सांगते.

खायचं, फार खायचं. आजी म्हणायची, देणं बुडवलं तर पुढच्या जन्मी सावकाराच्या दारात बैल होऊन फेडावं लागतं. ते ऐकतच मी वाढले.

जयसिंगपुरात मी शाळेचे गणवेश शिवून द्यायचे. आठ मशिनी होत्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. इचलकरंजीहून उधारीवर आणलेले तागे तसेच पडून राहिले, व्याज मात्र थांबलं नाही. मग एकाचं भागवायला दुसऱ्याकडून घ्यायचं, असं दोन वर्षं चाललं.

वकिलांनी १९२० चा नादारीचा कायदा सांगितला. आमच्यासारख्यांना अजून तोच लागतो. पाचशे रुपयांचं देणं झालं तरी त्यात अर्ज करता येतो. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र, यांवर जप्ती येत नाही म्हणाले. मी तिथेच रडले. गळ्यातलं काढून द्यावं लागेल, याच धास्तीत मी कित्येक महिने काढले होते.

अर्जासोबत ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची यादी द्यावी लागते. माझी चौदा नावं निघाली. ती लिहिताना कळलं, की यातल्या प्रत्येकाला मी 'सोमवारी नक्की' म्हणून फसवलंय. कोर्टात जाण्याची लाज वाटत होती, पण खरं बोलायला मी तिथेच सुरुवात केली.

फेडता येईल अशी आशाच नसताना कर्ज घेतलं होतं का, हेही कोर्ट बघतं. लबाडीने घेतलेल्या देण्यातून तर नादारीनेही सुटका होत नाही. तो प्रश्न मी घरी एकेका नावापुढे स्वतःला विचारला. बँकेचं, कापडवाल्यांचं घेतलं तेव्हा धंदा चालत होता. शाळा बंद पडतील हे कुणाला ठाऊक होतं? त्या नावांचं ओझं तिथेच हलकं झालं. एक नाव मात्र उरलं, नणंदेचं. सगळं बुडतंय हे कळल्यावर मी वन्संकडून पन्नास हजार घेतले होते आणि त्यांना काही सांगितलं नव्हतं. वकील म्हणाले, लपवू नका. मी कोर्टात तसंच सांगितलं.

कोर्टाकडून देण्यातून मुक्तता मिळाली तेव्हा यादीतल्या इतरांचं देणं कायद्याने सुटलं. वन्संकडे मात्र मी स्वतः गेले आणि ते पैसे मागताना काय लपवलं होतं ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, पैसे गेल्याचं नाही एवढं, मला परकं केलंत त्याचं वाटलं."

आईची पायाची मशीन जप्तीतून वाचली होती. तिच्यावर ब्लाऊज शिवते. दर महिन्याला दीड हजार वन्संच्या हातात नेऊन देते, आणि त्या चहा झाल्याशिवाय उठू देत नाहीत.