डावीकडे कलणारा सूर्य

‘ते पिवळं काय गं ग्लासात?’

व्हिडिओ कॉलवर मी आईला सूर्य दाखवत होते आणि तिचं लक्ष माझ्या हाताकडे. मी म्हटलं, ‘जिंजर बिअर.’ तिला नेमका शेवटचाच शब्द ऐकू गेला. मग आल्याचं सरबत असतं, त्यात सोडा असतो, दारूचा थेंब नसतो, हे पटवण्यात सूर्य गेला निम्मा पाण्यात. खरं सांगायचं तर त्या दिवशी खरोखरच जिंजर बिअर होती. इतर दिवशी ग्लास कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवायचं भान मला असतं.

मी राहते पर्थला, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला. आणि हे चाललं होतं फ्रीमँटलच्या बादर्स बीचवर. फ्रीमँटल म्हणजे पर्थचं बंदर. स्थानिक लोक त्याला लाडाने ‘फ्रीओ’ म्हणतात. पर्थहून ट्रेनने अर्धा तास, शेवटचं स्टेशन. तिथून दहा मिनिटं चाललं की छोटासा किनारा लागतो. मागे दगडी टेकाड, उजव्या हाताला बंदराच्या धक्क्याच्या टोकावरचं हिरवं दीपगृह, आणि वाळूतच खुर्च्या-छत्र्या मांडलेलं एक खाण्यापिण्याचं ठिकाण. सार्वजनिक किनाऱ्यावर बाटली उघडायला इथे बंदी आहे. त्यामुळे परवाना असलेल्या जागेच्या हद्दीत बसून प्यायचं. हद्दीच्या आत ग्लास, हद्दीबाहेर वाळूचे किल्ले करणारी पोरं.

‘सनडाउनर’ हा शब्द मी इथे येऊन शिकले. सूर्य बुडताना घ्यायचं पेय आणि त्या निमित्ताने जमलेली माणसं, दोन्ही सनडाउनरच. ऑफिसचा असतो, शेजाऱ्यांचा असतो, शाळेतल्या पालकांचाही असतो. माझा पहिलाच सनडाउनर ऑफिसचा होता आणि त्यात मी चांगली फजिती करून घेतली. इथे वेटर टेबलाशी येईल म्हणून वाट बघायची नसते, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि पैसे द्यायचे. शिवाय ‘शाउट’ नावाची प्रथा. पहिली फेरी एकाने सगळ्यांसाठी आणायची, दुसरी दुसऱ्याने, असं आळीपाळीने. मला वाटलं, नवी मुलगी म्हणून पाहुणचार चाललाय! तिघांच्या तीन फेऱ्या आनंदाने प्यायले, माझी पाळी आली तेव्हा छान ‘थँक यू’ म्हणून ट्रेन पकडली. दोन महिन्यांनी एका सहकारी बाईने हळूच समजावलं. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या आधी काउंटर गाठलं. पाइंट म्हणजे 570 मिलिलिटर, त्याचे तेरा-चौदा डॉलर. सहा जणांची फेरी म्हणजे काय हिशेब होतो तो तुम्हीच करा. तेव्हापासून मी ‘मिडी’वर आले, 285 मिलिलिटरचा आटोपशीर ग्लास. गाडी घेऊन आलेला एक जण बिनदारूचं पितो, त्याला इथे ‘स्किपर’ म्हणतात, म्हणजे जहाजाचा तांडेलच.

उन्हाळ्यातली दुपार मात्र इथे सोसवत नाही. सकाळपासून वाळवंटाकडून पूर्वेचा वारा येतो, तव्यावरून उठून आल्यासारखा. त्यात माश्या. डोळ्यांत, नाकात, ओठांवर. हाताने सतत चेहऱ्यासमोर वारायचं. मग दुपारी कधीतरी वारा फिरतो. समुद्रावरून, नैर्ऋत्येकडून थंड झोत सुरू होतो आणि अख्खं शहर सुस्कारा सोडतं. या वाऱ्याला लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. आमच्याकडे शाळेच्या भूगोलात मतलई वारे, खारे वारे घोकून घेतले होते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, जागा भरायला समुद्रावरची हवा आत येते. तोच आपला खारा वारा, फक्त इथे त्याला डॉक्टरकीची पदवी मिळाली आहे.

खाण्याचं म्हणाल तर चिली मसल्स मागवा. आपल्या तिसऱ्यांच्या थोरल्या, काळ्या कोटातल्या बहिणी. टोमॅटो-मिरचीच्या रश्शात येतात, सोबत पाव. रश्शाला आपल्या मानाने तिखट म्हणणं धाडसाचं, पण पाव बुडवून खाताना बोलायला कोणाला सवड असते? तळलेले बटाटे मागवलेत तर सीगलवर नजर ठेवा. एक पक्षी समोर येऊन, लाल पायावर उभा राहून, बिचारा चेहरा करतो. त्याच्याकडे बघत राहिलात की दुसरा मागून येऊन प्लेटमधलं उचलतो. हे मी एकदा नव्हे, तीनदा अनुभवलंय.

मागच्या टेकाडावर राउंड हाउस आहे. नावाने गोल, प्रत्यक्षात बारा बाजूंची दगडी इमारत, 1831 सालची. या राज्यात अजून उभ्या असलेल्या इमारतींत सगळ्यात जुनी, आणि होती काय, तर तुरुंग. समोर समुद्रात सुमारे एकोणीस किलोमीटरवर रॉटनेस्ट बेट आहे. आज लोक तिथे सायकली भाड्याने घेऊन सुट्टी घालवतात. पण 1838 पासून इथल्या मूळ रहिवाशांना बेड्या घालून त्याच बेटावर कैदेत टाकलं जात होतं, आणि जहाजाची वाट बघत ते आधी या टेकडीवर डांबले जात. इथले नूंगार लोक बेटाला वाजेमप म्हणतात. मी रत्नागिरीची. ब्रह्मदेशचा थिबा राजा आमच्या गावात आणून ठेवला आणि 1916 मध्ये तिथेच गेला, ही गोष्ट ऐकत लहानाची मोठी झाले. त्यामुळे हातात ग्लास घेऊन त्या बेटाकडे बघताना कधीकधी घोट अडतो. तरी मी जाते. तेही खरंच.

आता मुद्द्याचं. इथल्या सूर्यास्तात काहीतरी चुकतंय असं मला कित्येक महिने वाटत होतं. समुद्र तोच, पश्चिमच, रंग तसेच. रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूत बसून भेळ खात शेकडो सूर्यास्त बघितलेत. बघितलेत म्हणजे काय, सूर्य समोर असायचा आणि आमचं भांडण भेळेतल्या कैरीवरून चाललेलं असायचं. तरी डोळ्यांनी त्याची वाट नकळत पाठ केली होती. एकदा बोटाने ग्लासावर रेघ धरून बघत बसले तेव्हा उलगडलं. आपल्याकडे सूर्य बुडताना उजवीकडे जरासा सरकतो. इथे तो डावीकडे घसरतो! दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. पश्चिमेला तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला, म्हणून तो उजवीकडून डावीकडे उतरतो. आणि कलही जास्त. रत्नागिरी 17 अक्षांशावर, तिथे तो जवळजवळ सरळ पाण्यात जातो; पर्थ 32 वर, इथे तिरका. खालची कड पाण्याला टेकल्यापासून संपूर्ण बुडेपर्यंत अडीचएक मिनिटं लागतात, तिकडच्यापेक्षा थोडी जास्त. मी घड्याळ लावून बघितलंय, कारण दुसरं काम नसतं.

ती अडीच मिनिटं ही माणसं खरंच गप्प बसतात. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. खुर्च्या सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. सूर्य गेला की कोणीतरी ‘कोणाची पाळी?’ विचारतं आणि पुन्हा गलका सुरू.

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, हे घडतं साडेसातच्या आत. सिडनीकर उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, पर्थच्या लोकांनी चार वेळा मतदान करून ते नाकारलं, शेवटचं 2009 मध्ये. माझ्या हे पथ्यावर पडतं, आईच्या घड्याळाशी हिशेब बारा महिने तोच राहतो. भारत आमच्या अडीच तास मागे, म्हणजे इथे सूर्य बुडतो तेव्हा आईकडे पाच वाजत आलेले असतात. चहाची वेळ. तिच्या खिडकीत तेव्हा टळटळीत ऊन असतं. मी इथे निरोप दिलेला सूर्य तिच्याकडे अजून सव्वा तास तरी वर असतो.

‘तुझ्याकडे गेला का?’ ती कप फुंकत विचारते.

‘गेला.’

‘बरं. इकडे आला की सांगते.’

बिल आधीच दिलेलं असतं, त्यामुळे उठायला वेळ लागत नाही. चपलेतली वाळू झटकत स्टेशन गाठायचं, कधी ट्रेन मिळते, कधी एक घोट जास्त लांबल्याने सुटते. पावणेनऊच्या आसपास फोन वाजतो. आई जिना चढून गच्चीवर गेलेली असते. फोटोत माडाची झावळी असते, पाण्याच्या टाकीचा कोपरा असतो, बऱ्याचदा तिचा अंगठाही असतो. आणि झावळीच्या मागे, किंचित उजवीकडे, सूर्य.