भरतीला जाणारं नेट

जयगड खाडीच्या काठावरच्या या वाडीत फायबर नाही. शेवटचा खांब अलीकडच्या गावात थांबलाय आणि सात-आठ घरांसाठी कुणी पुढे ओढणार नाही. त्यामुळे गुरुजींकडे सिमकार्डावर चालणारा ४जी राउटर आणि बाहेर अँटेना, एवढाच मार्ग होता. कॉम्प्युटर नाही, लॅनची केबल नाही, सगळं मोबाईलवरून करायचं.

मोबाईलवरून राउटर लावताना बहुतेक जण एकाच जागी अडतात. राउटरखालच्या स्टिकरवरचं वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकून फोन जोडतात, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकतात आणि पान काही उघडत नाही. या वायफायला अजून नेट नाही हे फोनने ओळखलेलं असतं आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर गेलेला असतो. डेटा बंद केला की पान उघडतं. मग एपीएन (सिमकंपनीच्या नेटचं प्रवेशनाव) भरायचा, ॲडमिनचा आणि वायफायचा पासवर्ड बदलायचा. वायफायचं नाव बदलल्यावर फोन सुटतो, तो सुटणारच, नव्या नावाला पुन्हा जोडायचा. इथे घाबरून रिसेटच्या भोकात टाचणी खुपसणारे महाभाग पुष्कळ आहेत.

अँटेना पुतण्याने शहरातून आणला होता. आटे छान बसले, सिग्नल मात्र काडीचा वाढला नाही. सिमच्या राउटरला अँटेना जोडायचं एसएमए जातीचं सॉकेट असतं, साध्या वायफाय अँटेनाला आरपी-एसएमए जातीचा प्लग. दोन्हींचे आटे सारखेच, पण आरपीच्या प्लगमध्ये मधली पिन नसते, भोकासमोर भोक येतं. दुकानदार ‘बसतोय ना?’ एवढंच बघतात. योग्य प्लगचा अँटेना बदलून घेतला.

दुसरी खोड केबलची. पातळ काळी आरजी-५८ केबल २३०० मेगाहर्ट्झला (इथल्या ४जी लहरींची वारंवारता) मीटरमागे जवळपास एक डेसिबल सिग्नल खाते. दहा मीटर खाली आणली की नऊ डेसिबल सिग्नल वाढवणारा अँटेना फुकट गेला. म्हणून राउटरच माळ्यावर नेला, अँटेनाची केबल दीड मीटरची ठेवली आणि खालून बारा व्होल्ट वर पाठवले. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर एक अँपिअरला दहा मीटरवर अर्धा व्होल्टही पडत नाही. खाली मिनी यूपीएस, कारण कोकणात वीज असते तेव्हा असते. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ८८, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) १८, वेग पस्तीस एमबीपीएस. काम झालं.

मग तक्रार आली. नेट मधेच तास-दीड तास जातं आणि आपोआप येतं. कंपनीच्या कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, राउटर बंद करून चालू करा. तासाभराने नेट आपसूक यायचंच, त्यामुळे तो उपाय लागू पडल्यासारखाही वाटायचा.

काकू नेट गेल्याच्या वेळा कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, लिहीत होत्या. त्रयोदशीच्या चौकोनात पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रात्रीही त्याच सुमारास. टॉवरवरची गर्दी रोज संध्याकाळी एकाच वेळी होते, रोज पाऊण तास पुढे सरकत नाही. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “अहो, ही तर भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट करा की.” तेरा पाऊणे पावणेदहा. खाडीवरचा जुना हिशेब तंतोतंत जुळला. अष्टमी-नवमीला, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती बेताची असते तेव्हा, कॅलेंडर कोरं होतं.

टॉवर खाडीपलीकडे, साधारण तीन किलोमीटरवर. पाण्यापासून त्याचं टोक साठेक मीटर, आपला अँटेना वीसेक. एक लहर टॉवरवरून सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. २३०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी तेरा सेंटिमीटर. उधाणाला पाणी दोन मीटर चढलं की दोन वाटांमधला फरक दहा सेंटिमीटरने बदलतो, आणि एका पातळीला दोन्ही लहरी एकमेकींना मारतात, सिग्नलला खड्डा पडतो. ऐन भरतीला मी माळ्यावर बसून आकडे पाहिले. आरएसआरपी उणे १०९, एसआयएनआर शून्याच्या खाली. राउटरला काहीही झालेलं नव्हतं.

९०० मेगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) तरंगलांबी अडीचपट, तिथे पाण्याच्या तेवढ्याच चढ-उताराने लहरींचा मेळ इतका बदलला नसता. पण या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बँड निवडायची सोयच नाही. मुलांना कोणत्या वेळी नेट द्यायचं याचं चार पानी सेटिंग आहे, बँडचा साधा पर्याय नाही! ग्राहक बिघडवेल म्हणून झाकून ठेवायचं आणि मग ग्राहकालाच रिस्टार्ट करायला लावायचं, ही रीत मला कधीच पटलेली नाही.

उरला उंचीचा उपाय. आपला अँटेना म्हणजे एकाच पॅनेलमध्ये बसवलेले दोन अँटेना, ते एका उंचीवर असल्याने एकाच वेळी मरतात. ते पॅनेल काढलं, दोन वेगळे अँटेना घेतले आणि एकाच पाइपावर सव्वापाच फूट अंतराने खाली-वर बांधले. हिशेब असा की साठ मीटरच्या टॉवरला, तीन किलोमीटरवर, एवढ्या अंतरात अर्धी तरंगलांबी भरते, म्हणजे एक खड्ड्यात असताना दुसरा शिखरावर. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या, सांध्यांना रबरी टेप, वरून चिकटपट्टी. खारी हवा पितळी सांधे वर्षभरात हिरवे करते.

आता उधाणाच्या भरतीला वेग पस्तीसवरून बारा-तेरावर येतो, पण तुटत नाही. मुलाची मीटिंग चालते.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. हिशेबाने पाणी चढताना आणि उतरताना, अधल्यामधल्या पातळीलाही थोडा खड्डा दिसायला हवा. कॅलेंडरवर त्याची एकही नोंद नाही. कदाचित पाणी त्या पातळीवरून भराभर सरकतं आणि काकूंच्या लक्षात येत नाही. कदाचित माझे उंचीचे अंदाज चुकताहेत, ते नजरेनेच घेतले होते. येत्या अमावास्येला गुरुजी दर अर्ध्या तासाला राउटरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून पाठवणार आहेत.

कंपनीकडची तक्रार ‘राउटर रिस्टार्ट केल्याने निवारण’ असा शेरा मारून बंद झाली आहे.