साताऱ्याचं आरमार

रविवारी दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसला आणि लॅपटॉप उघडून बघते तर माझ्या आरमाराचं तेल संपत आलेलं. लंकेच्या दक्षिणेला चार म्हाताऱ्या युद्धनौका, दोन विमानवाहू नौका आणि सोबतीला विनाशिकांची चिल्लीपिल्ली. पटावर एप्रिल 1942 चा पहिला आठवडा. जपानी आरमार आसपास आहे हे नक्की, पण नेमकं कुठं हे कळलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं! आणि तेल भरायचं तर पार मालदीवच्या टोकाला, अड्डू बेटांपर्यंत मागं फिरायचं.

"पोचल्या का गं तुझ्या बोटी?" आईनं पलंगावरून विचारलं.

तिची समजूत अशी, की मी बोटी कुठून तरी कुठं तरी पोचवते. दाभोळच्या फेरीबोटीत पाच मिनिटांत मळमळायला लागणारी आपली मुलगी युद्ध करत असेल, हे तिला पटत नाही. मीही खुलासा करत नाही, कारण खेळाचा बाराआणे भाग पोचवण्याचाच आहे.

हा खेळ प्रशांत महासागरातल्या युद्धाचा. एक टर्न म्हणजे एक दिवस. पर्ल हार्बरपासून शरणागतीच्या सहीपर्यंत, म्हणजे 7 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945, साडेतेराशेहून जास्त दिवस होतात. रोज नेमानं एक टर्न केला तरी खऱ्या युद्धाला लागली तेवढीच वर्षं लागायची. मी दोस्त राष्ट्रं, सांगलीचा दादा जपान. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. दिवसभर हळदीच्या सौद्यात आणि रात्री टोकियोत. समुद्र षट्कोनांत कापलेला, एकेक षट्कोन 40 सागरी मैलांचा, म्हणजे साधारण 74 किलोमीटर. वाई, सातारा, कऱ्हाड असं सगळं एखाद-दुसऱ्या घरात मावेल.

विमानांच्या प्रत्येक तुकडीला सांगायचं: उंची एवढी, पल्ला एवढा, इतकी विमानं टेहळणीला, इतकी डोक्यावर पहाऱ्याला, बाकीची जमिनीवर विश्रांतीला. मग फाईल दादाला. दोघांचे हुकूम एकत्र होतात आणि दिवस आपला आपण घडतो. आपण नुसतं बघायचं. टेहळणीचं विमान भलतीकडंच चाललेलं दिसतं, पण मध्ये तोंड घालता येत नाही. संसारात इतका संयम ठेवला असता तर... जाऊ दे.

लोकांना या खेळात तोफा आवडतात. मला टेहळणी आवडते, आणि तिच्याहून जास्त तिच्यातला गोंधळ. 4 जून 1942 ला मिडवे बेटाजवळ 'टोने' या जपानी क्रूझरवरचं एक टेहळणीचं विमान अर्धा तास उशिरा उडालं. जपानी ताफ्याचा प्रमुख नागुमो, त्यानं इकडं बेटावरच्या दुसऱ्या हल्ल्यासाठी टॉर्पेडो उतरवून बॉम्ब चढवायला सांगितले होते. त्या विमानाचा निरोप आला, की शत्रूची जहाजं दिसतायत. झालं, थांबवा, पुन्हा टॉर्पेडो. साडेदहाच्या आत जपानी विमानवाहू नौका 'आकागी', 'कागा' आणि 'सोर्‍यू' पेटल्या होत्या, संध्याकाळी 'हिर्‍यू'. त्याच्या महिनाभर आधी, 7 मे ला, कोरल समुद्रात जपानी वैमानिकानं कळवलं की विमानवाहू नौका दिसली. सगळी विमानं तिकडं धावली. निघालं काय, तर 'निओशो' हे तेलवाहू जहाज आणि सोबतची 'सिम्स' ही विनाशिका. सिम्स बुडाली, निओशो चार दिवस तशीच तरंगत राहिली आणि शेवटी आपल्याच माणसांनी तिला बुडवली. तेलाच्या टाकीला लोक राणी समजून बसले!

दादा मला चिडवतो, "तू अ‍ॅडमिरल नाहीस, टँकरवाली आहेस." माझं आजोळ खटावचं. टँकर म्हणजे काय ते आम्हाला शिकवायला लागत नाही. टँकर कधी येणार, किती भरून येणार, वाटेत कुणाच्या दारात रिकामा होणार, यावर ज्या गावाचा उन्हाळा ठरतो तिथल्या माणसाला आरमार लवकर कळतं. मी आधी तेलवाहू जहाजं बघते, त्यांच्याभोवती विनाशिका लावते, आणि काही उरलंच तर युद्ध.

तशी ही विभागणी फार जुनी आहे. दिवाळीत दादा साताऱ्याला यायचा. आमच्या चिमणपुऱ्यातल्या वाड्याच्या अंगणात किल्ला व्हायचा. गल्लीतली सगळी पोरं प्रतापगड नाहीतर अजिंक्यतारा करायची, डोळ्यांसमोर होताच तो. दादाला सिंधुदुर्ग पाहिजे. दगड, विटांचे तुकडे, वर भिजवलेलं पोतं, पोत्यावर मातीचा लेप, त्यावर अळीव आणि मोहरी पेरलेली. भोवती चर खणून त्यात डांबरी कागद अंथरायचा आणि पाणी ओतायचं. त्या समुद्रात पत्र्याची फटफट बोट. पोटात मेणबत्तीचं बोटभर थोटूक लावलं की नळीतून पाणी आत-बाहेर व्हायचं आणि ती फटफटत तटाला जाऊन धडकायची. दादा सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख. मी हौदावरून तांब्यानं पाणी आणणारी. कारण समुद्र टिकायचाच नाही. डांबरी कागदाच्या घडीतून तो मुरत जायचा. तासाभरात बोट चिखलात रुतून तिरपी, आणि दादाची आरोळी, "पाणीऽऽ!" बंदराच्या दारावरचे मावळे कच्च्या मातीचे होते. गुलाबी तोंड, केशरी पगडी, हातात काडीचा भाला. पाडव्यापर्यंत त्यांचे पाय घोट्यापर्यंत विरघळलेले असायचे. तरी ते उभे राहायचे, कारण मागून मी त्यांना एकेक खडा लावून ठेवलेला असायचा. हे दादाला आजही माहीत नाही.

तर सॉमरव्हिल. हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा हा प्रमुख. 1 एप्रिलच्या सुमारास हल्ला होणार अशी त्याला खबर होती. तो दोन-तीन दिवस लंकेच्या दक्षिणेला दबा धरून बसला. कोणी आलं नाही. मग त्याच्या त्या चार जुन्या युद्धनौकांतलं गोडं पाणी संपत आलं! तेलाचीही बोंब होतीच. तो अड्डूला मागं फिरला, आणि 4 तारखेला, तो तिथं पोचतोय तोवर, लंकेहून उडालेल्या एका कॅटलिना विमानाला नागुमोचं आरमार दिसलं. 5 ला ईस्टरच्या रविवारी कोलंबोवर बॉम्ब, त्याच दुपारी 'कॉर्नवॉल' आणि 'डॉर्सेटशायर' या ब्रिटिश क्रूझर बुडाल्या. 6 ला आपल्या विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर. सॉमरव्हिल पाण्यासाठी गेला नसता तर नागुमोच्या पाच विमानवाहू नौकांच्या तोंडी सापडला असता, असं पुष्कळांना वाटतं. मलाही तसंच वाटतं, पण माझ्या मताला तांब्याचा वास आहे.

साताऱ्यात बसून आरमार चालवणं ही काही माझी नवी थेरं नव्हेत. इथूनच शाहू महाराजांनी कान्होजी आंग्र्यांना सरखेली दिली. 1733 साली जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम निघाली, तेव्हा बाजीराव पेशवे आणि श्रीपतराव प्रतिनिधी कोकणात, कान्होजींचे चिरंजीव शेखोजी आंग्रे समुद्रावर, महाराज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. आणि मधे सह्याद्री. जासूद पत्र घेऊन घाट उतरणार, उत्तर घेऊन घाट चढणार, तोवर खाली दोन सरदारांचं बिनसलेलं असणार. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. रायगड हाती आला, शेखोजी त्याच वर्षी गेले, जंजिरा राहिला तो राहिलाच. महाराजांना टर्न पाठवून किती दिवस बसावं लागत असेल, हे मी कधी कधी सांगलीहून फाईल यायची वाट बघताना मनात धरते. दादाचे सौदे चालू असले की चार-चार दिवस जातात.

या खेळात वैमानिकांना नावं असतात. यादी उघडली की नाव, हुद्दा, अनुभव, थकवा. मी ती उघडत नाही. पल्ल्याच्या टोकाला तुकडी पाठवायची असली की तर मुळीच नाही. मिडवेला 'हॉर्नेट' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरची टॉर्पेडोची 15 विमानं सोबत लढाऊ विमानं नसताना गेली आणि पंधराही पडली. 30 माणसांतला एक वाचला. माझ्या पटावर ती तुकडी असती तर मी तिला विश्रांतीवर टाकून दिली असती. दादा म्हणतो, मग तू मिडवे हरली असतीस. असेल.

आता प्रश्न 'हर्मिस' या माझ्या ब्रिटिश विमानवाहू नौकेचा. ती त्रिंकोमालीच्या बंदरात आहे. खऱ्या युद्धात तिला 8 एप्रिलला धोक्याचा निरोप देऊन बाहेर काढलं. तिची विमानं किनाऱ्यावरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी परतताना ती जपानी टेहळ्याला दिसली आणि बट्टिकलोआसमोर बुडाली, तीनशेवर माणसं गेली. हे मला माहीत आहे, दादालाही माहीत आहे, आणि मला माहीत असल्याचा फायदा मी घ्यायचा नाही असा आमचा बोलून झालेला करार आहे. त्या वेळच्या अ‍ॅडमिरलला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच खेळायचं.

मी तिला विमानं चढवून मुंबईला पाठवली. अड्डूसाठी राखलेल्या तेलातलं तेल देऊन. टर्न पाठवला.

रात्री फोन आला. "काय गं, लढाईचं जहाज हाय ते! बंदरात बांधून ठेवायला घेतलंस काय?"

"हो," म्हटलं. "आणि पुढची फाईल जरा लवकर पाठव."