सर्च कन्सोलसोबतची दुपार

आजची दुपार गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे दाखवणारे साधन, शिकण्यात सत्कारणी लागली. आपले पान शोधनिकालांत किती वेळा दिसले आणि त्यावर किती क्लिक आले, हे आकडे शेजारी-शेजारी पाहिले, तेव्हा एक पान हजारो लोकांच्या नजरेस पडूनही जवळजवळ कोणीच उघडत नसल्याचे लक्षात आले; मग शीर्षक बदलावे की वर्णन, या विचारात वेळेचे भान राहिले नाही. १६ महिन्यांपर्यंतची ही माहिती विनामूल्य मिळते, हे विशेष.

जुलै २०२३ मध्ये संकेतस्थळावरील भेटी मोजणाऱ्या जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्सने नवी माहिती नोंदवणे थांबवले, तेव्हा या क्षेत्रात मुरलेल्यांनाही पुन्हा श्रीगणेशा करावा लागला होता. म्हणूनच ऑनलाइन व्यवसायात कुतूहलाला मी भांडवलाइतकेच महत्त्व देते. तूर्तास शीर्षक बदलले आहे. फरक कळायला काही आठवडे जातील.