मोठ्याने वाचायची पुस्तके

मे महिन्यातील दुपारी मुंबईत दोन ते चार या वेळात काहीही करणे कठीण असते. पंखा फिरतो तो केवळ घामट हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेण्यासाठी, आणि मुलांना खाली खेळायला सोडावे तर ऊन मी म्हणत असते. आमच्या परळच्या घरात या दोन तासांत पुस्तक मोठ्याने वाचण्याची पद्धत पडली, ती संस्कार वगैरे करण्याच्या हेतूने नव्हे. माझी आठ वर्षांची मुलगी आणि सुट्टीला नाशिकहून येणारा बारा वर्षांचा भाचा यांची भांडणे थांबवण्याचा दुसरा उपाय सुचेना, एवढेच कारण. तीन-चार उन्हाळ्यांनंतर मात्र एक गोष्ट ध्यानात आली आहे. मनात वाचायला उत्तम असलेले पुस्तक मोठ्याने वाचायलाही उत्तम असतेच असे नाही, आणि काही पुस्तके तर ऐकणारे समोर असल्याखेरीज पुरती उघडतच नाहीत.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा तोंडाने जो ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो, तो कागदावर नुसता छापील शब्द असतो; जीभ टाळूला लावून काढला की त्यात जीव येतो. माझे ‘ट्टॉक्’ भाच्याला पसंत नाही, म्हणून ते काम त्याने स्वतःकडे घेतले आहे, आणि आपली पाळी चुकू नये म्हणून तो डुलकीही घेत नाही.

विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ वाचली तेव्हा मुलीची तक्रार वेगळी होती. भायखळ्याची राणीची बाग तिने पाहिलेली, त्यामुळे पुस्तकात पेंग्विन का नाहीत, हा तिचा प्रश्न रास्तच होता. पुस्तक १९६१ चे आणि पेंग्विन २०१६ साली आले, हे सांगून तिचे समाधान झाले नाही. राहिलेली पेंग्विनची कविता तिने स्वतः रचली. ती यमकात बसली नाही, पण बसवण्याचा हट्ट मी धरला नाही.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मात्र दुरून ऐकण्याची नव्हेत. त्या लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टी वाचताना शब्द संपले तरी चित्र संपत नाही, आणि पान उलटू दिले जात नाही. भर दुपारी तीन डोकी एका पुस्तकावर वाकली की उकाड्याने जीव जातो, म्हणून ही पुस्तके आम्ही वारा सुटल्यावर, संध्याकाळी काढतो. ‘ही लहान मुलांची आहेत’ असे म्हणणारा भाचाच सर्वांत आधी वाकतो.

‘श्यामची आई’ रात्रीसाठी राखून ठेवलेले आहे आणि ते वाचण्याचा मान सासूबाईंचा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले, याचा भाच्याला उगाचच अभिमान आहे. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, आणि त्या ४२ आहेत. रोज एक वाचली तर सुट्टी आणि पुस्तक जवळजवळ बरोबरच संपतात. एका बैठकीत दोन रात्री वाचू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उपदेशाचा भार वाढतो. संक्षिप्त आवृत्ती तर घरात आणूच नये. सासूबाई मध्येच चष्मा काढून पुसू लागतात, तेव्हा मुले पुस्तकाकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहत असतात.

यंदाचे शेवटचे पुस्तक होते जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे, त्यांच्या लहानपणच्या शाळेवरचे ‘तोत्तोचान’, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेले. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी, मुलांना हवे तिथे बसू देणारी ती शाळा ऐकताच लोकलमध्ये वाढलेल्या माझ्या मुलीने पहिला प्रश्न केला, “मग खिडकीसाठी भांडणं होत नसत?” अखेरीस टोकियोवर बाँब पडतात आणि शाळा जळते. तिथे माझा आवाज अडला, तेव्हा भाच्याने माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि जळत्या शाळेसमोर उभे राहून पुढची शाळा कशी काढायची हे विचारणारे मुख्याध्यापक कोबायाशी त्याने सावकाश वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी पलंगाचा डबा केला होता आणि खिडकीची जागा सासूबाईंना दिली होती.