पेट्रोल पंप बघायला का नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण खरं तर शिकागोला आमच्याकडे उतरणारे जवळजवळ सगळेच हे विचारतात: "अहो, एवढं मोठं शहर सोडून दीड-दोन तास गाडी हाकायची, ती काय बंद पडलेला पेट्रोल पंप बघायला?"

हा पंप आहे ओडेल या छोट्याशा गावात, शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर, म्हणजे रूट 66 वर. 1932 साली पॅट्रिक ओडॉनेल यांनी बांधलेला. लांबून पंप वाटतच नाही. उतरत्या छपराचं पांढरं बैठं घर, त्याला निळ्या कडा आणि दारापुढे पडवी. फक्त ही पडवी आख्खी गाडी खाली उभी राहील एवढी पुढे काढलेली. आराखडा ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या 1916 च्या नमुन्यावर बेतलेला आहे.

आता घरच का? शेजाऱ्यांमुळे!

सुरुवातीला पेट्रोल किराणा नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळायचं. डब्यातून आणायचं, नरसाळ्याने ओतायचं. मग फुटपाथच्या कडेला पंप लागले. गाड्या रस्त्यातच थांबायच्या, मागे खोळंबा, शिवाय आगीची धास्ती. बऱ्याच शहरांनी हे पंप हटवायला घेतले आणि धंदा रस्त्यावरून प्लॉटमध्ये सरकला. 'पहिला पंप कुठला' यावर अमेरिकेत तीन-चार गावं भांडतात, त्यात मी पडत नाही. पण आर्किटेक्टकडून नीट आराखडा करून घेतलेला गल्फ कंपनीचा पिट्सबर्गचा पंप 1 डिसेंबर 1913 ला उघडला. पहिल्या दिवशी विक्री किती? 30 गॅलन, 27 सेंट भावाने. आज दोन-तीन गाड्यांतच संपेल. हवा आणि पाणी मात्र फुकट.

बाकी बहुतेक ठिकाणी पत्र्याची शेड ठोकली की झाला पंप. भरवस्तीत, बंगल्यांच्या रांगेत असली तेलकट शेड कोणाला हवी? म्हणून कंपन्यांनी पंपालाच घराचा वेष चढवला. यात सगळ्यांवर ताण केली ती प्युअर ऑइलने. 1920 च्या दशकाच्या अखेरीस कार्ल पीटरसन या त्यांच्या आर्किटेक्टने खेड्यातलं इंग्लिश कॉटेज काढलं: उभट छप्पर, विटांचं धुराडं, खिडकीखाली फुलांच्या पेट्या. शेजारी खूश. पण छप्पर असं निळंभोर की चालकाला लांबूनच कंपनी कळावी. शेजाऱ्यांपासून लपायचं आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत भरायचं, ही दोन्ही कामं एका छपराने केली, याचं मला फार कौतुक आहे. मिलवॉकीच्या वॉडहॅम्स कंपनीला लपण्यात रस नव्हता. त्यांनी अलेक्झांडर एश्वायलर या आर्किटेक्टकडून चक्क लाल छपरांचे, पूर्वेकडच्या देवळांसारखे पॅगोडे बांधून घेतले, तेही शंभरावर. त्यातला 1927 चा एक मिलवॉकीजवळच्या वेस्ट ॲलिसला अजून उभा आहे.

त्या काळची पेट्रोल भरायची यंत्रंही बघण्यासारखी. उंच खांबावर काचेचं नळकांडं, आत गॅलनच्या खुणा. बाजूचा दांडा मागे-पुढे ओढला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल काचेत चढायचं. गिऱ्हाईक माप डोळ्यांनी बघणार, मगच कॉक सोडायचा. पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून गाडीत. तेव्हा मापात मारण्याबद्दल पंपवाले पुरेसे बदनाम होते, म्हणून ही काच.

मग मंदी आली. नुसत्या पेट्रोलवर भागेना. टायर, बॅटऱ्या, दुरुस्ती सुरू झाली. कॉटेजात गाडी कशी शिरणार? 1930 च्या दशकात वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरने टेक्साको या तेल कंपनीसाठी पांढऱ्याशुभ्र एनॅमलच्या पत्र्याचा सपाट छपराचा डबा काढला, त्यावर हिरव्या पट्ट्या. सोयीचा, धुवायला सोपा. पुढे सगळेच तसे डबे झाले. मला तो डबा आवडत नाही, पण त्याच्यामागचा हिशेब पटतो.

ओडेलला हा हिशेब भिंतीतच दिसतो. पाहुणे फोटो काढतात पुढच्या पडवीखाली. मी त्यांना बाजूला नेतो. तिथे मूळ घराला नंतर दोन गाड्यांचं गॅरेज जोडलंय. घराचं रूप सांभाळण्याचा फारसा आव न आणता, रुंद दारांची, निव्वळ कामाची खोली. पेट्रोल विकणं 1960 च्या दशकात थांबलं, पण त्या गॅरेजवर धंदा 1975 पर्यंत तगला.